जिवतीचा कागद कुरिअरने गेला

राजधानी झाल्यावर रायपुरात काय काय वाढलं याची आमच्या घरात प्रत्येकाची वेगळी यादी आहे. माझ्या यादीत भिंती आहेत. नवे बंगले, नवी कार्यालयं, तेलीबांध्याकडच्या उंच इमारती. एवढ्या कोऱ्या भिंती, आणि माझी चित्रं मात्र दिवाणात, रजयांच्या खाली. मी शाळेत चित्रकला शिकवते. एकदा हिंमत करून हॉल घेतला, प्रदर्शन भरवलं. तीन दिवस नातेवाईक आले, समोसे खाऊन "रंग छान आहेत" म्हणाले, गेले. चित्र विकत घेणारा माणूस दिसतो कसा, हे मला ठाऊक नव्हतं.

मग लेकीने माझं मोबाईलवर खातं उघडून दिलं. ती उरला या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये इंजिनिअर आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

पहिलं चित्र टाकलं तेव्हा मी बटण दाबून फोन पालथा घातला आणि स्वयंपाकघरात मटार सोलायला पळाले. जणू फोनमधून कोणी बाहेर येऊन माझे कान धरणार होतं. तसं काही झालं नाही. तेलीबांध्याच्या तलावावरच्या संध्याकाळच्या माझ्या चित्राला सगळी बदामं घरच्याच माणसांची आली, आणि एका चुलत जावेने विचारलं, "मागचा पडदा कुठून घेतला?"

"मम्मी, ऐसे नहीं होता," लेक म्हणाली. "लोग पेंटिंग से पहले पेंटर को देखते हैं। हाथ दिखाओ, काम करते हुए। कितना बड़ा है बताओ। और कुछ अपना लिखो, जो और कोई नहीं लिख सकता।"

माझं असं, जे दुसरं कोणी लिहू शकत नाही, ते काय? मला एकच सुचलं.

आषाढाच्या अमावास्येला बहुतेक घरी जिवतीचा छापील कागद देवाजवळ चिकटवतात. आमच्याकडे छापील चालत नाही. घरच्या सुनेने गेरूने काढायचा. पाळण्यातली, मांडीवरची बाळं कोणतीही असोत, पण जिवतीच्या पायाशी घरचं लेकरू काढायचं, ओळखू येईल असं. माझ्या लेकीच्या हनुवटीवर तीळ आहे. तो शेवटी, दिव्याच्या काजळीने, सासूबाईंच्या देखत लावायचा. श्रावणातल्या शुक्रवारी त्याची पूजा आणि पोळा झाला की कागद तळ्यात शिरवायचा, विसर्जन करायचा. सासूबाई म्हणतात, "तीळ लागला का तो कागद नाही रायत. पोर होते."

मी हे सगळं काढताना व्हिडिओ केला, आणि हे सगळं खाली लिहून टाकलं. तिळासकट.

चार दिवसांनी कोलकात्याच्या एका बाईंचा निरोप आला. घरातल्या बायका पूजेसाठी काढतात ती चित्रं त्या जमवत होत्या. मोठ्या अदबीने त्यांनी विचारलं होतं, हे मिळेल का? मी लिहिलं, नवं काढून देते, याहून सुबक. त्या म्हणाल्या, नवं नको. हेच हवं, महिनाभर पूजा होऊन हळदकुंकू लागलं, तेलाचे डाग पडले की मग पाठवा.

आता खरं सांगते. त्या क्षणी मला तीळ आठवला नाही, लेक आठवली नाही, सासूबाई आठवल्या नाहीत. मला एवढंच दिसलं, की जगात कोणाला तरी माझ्या हातचं हवं आहे. मी "हो" लिहून टाकलं आणि आरशात स्वतःकडे पाहून आले.

पोळा झाला. मी कागद उतरवला, प्लास्टिकच्या नळीत गुंडाळला आणि कुरिअरला दिला. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "शिरवला काय वं?"

"हो," मी म्हटलं. बूढ़ा तालाब आमच्या बूढ़ापाऱ्यातल्या घरापासून चार पावलांवर. संशय यायला जागाच नव्हती.

भीती तिसऱ्या दिवशी आली, तीही फोनमधूनच. मला शाळेला सुट्टी होती. सकाळी मी पार्सल कुठवर गेलं ते पाहिलं, तर ते आदल्या दिवसापासून एकाच जागी अडकून होतं. मी हसण्यावारी नेलं. तेवढ्यात मोहल्ल्याच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला: काळा धूर, पळणारी माणसं, खाली लिहिलेलं, "उरला में भट्ठी फटी।"

लेकीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

मी विज्ञान मानणारी बाई आहे. शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर पोस्टर काढायला मीच लावते, उत्तम पोस्टरला बक्षीस देते. ती मी, एका हाताने लेकीला फोन लावत होते आणि दुसऱ्याने कुरिअरचा नंबर शोधत होते. तिकडून एका माणसाने उचलला. मी म्हणाले, "भैया, मेरी बेटी कहाँ तक पहुँची?"

"क्या भेजा है, मैडम?"

"कागज़. कागज़ है."

"तो ऐसा बोलिए ना," तो म्हणाला आणि माझं नाव, पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला. मला वाटतं पोलिसांना कळवावं की नाही याचा तो विचार करत असावा.

डोळ्यांसमोर तो पायाशी काढलेला एवढासा आकार येत होता, नळीत गुंडाळलेला, अंधारात, कोणत्यातरी ट्रकमध्ये इतर खोक्यांखाली. मी सासूबाईंच्या समोर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, कोलकाता, नळी, खोटं बोललेलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या हातातली वात तशीच राहिली. मग म्हणाल्या, "तुले मी विचारलं तं तू हो म्हटलं."

"हो."

"पोरीले लावला फोन?"

"उचलून नाही राहिली."

"मंग बसली काहून? लाव ना!"

आम्ही दोघी त्या फोनकडे बघत बसलो. मी लावायची, त्या म्हणायच्या, "वाजून राहिला?" मी म्हणायची, "वाजून राहिला." एवढंच. दीड तास. त्या दीड तासाबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

मग लेकीचा फोन आला. "मम्मी, अट्ठाईस मिस्ड कॉल? फोन लॉकर में रहता है, पता तो है आपको।" भट्टी कुठेच फुटली नव्हती. व्हिडिओ जुना होता, कुठल्यातरी दुसऱ्याच गावचा. सासूबाईंनी फोन हिसकला, "जेवली काय?" एवढं विचारून ठेवला, आणि मग रडल्या.

संध्याकाळी लेकीला कळलंच. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. हनुवटीला हात लावून म्हणाली, "मम्मी, मेरा था ना वो? पूछ तो लेतीं।"

कागद पोचला तेव्हा मी त्या बाईंना सगळं लिहून कळवलं. त्यांचा लगेच व्हिडिओ कॉल आला. वयस्क, पांढरे केस, घाबरलेला चेहरा. म्हणाल्या, आजच परत पाठवते.

सासूबाई मागून पुढे झाल्या. "वापस मत भेजो! पोरीले काय पुन्हा ट्रकात बसवता? अब आपके घर आई है तो सँभालो."

आणि त्यांनी अटी सांगितल्या. भिंत कोरडी पाहिजे. काच लावायची, पण पोरीच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे. पुढल्या श्रावणात दर शुक्रवारी दिवा. लेकरू दूर असलं की आई चारी दिशांना अक्षता टाकते, तशा तिकडून टाकायच्या, आणि फोटो पाठवायचा. बाई वहीत लिहून घेत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "चावल कच्चा?" सासूबाईंना त्या एकदम आवडल्या.

त्यानंतर त्या बाईंमुळे माझ्याकडे आणखी दोघातिघांची मागणी आली. मी काढून देते. त्या कागदांवर तीळ लावत नाही, आणि आमच्या जिवतीचा व्हिडिओही आता करत नाही.

यंदा श्रावणातला पहिला शुक्रवार आला. सकाळचे सव्वाआठ झाले तरी कोलकात्याहून फोटो नाही. मी पोळ्या लाटता लाटता पिठाच्या बोटाने फोन उघडत होते. सासूबाई माळ ओढता ओढता विचारत होत्या, "आला?"

"नाही."

"विसरली असंन बिचारी," त्या म्हणाल्या, पण माळ थांबली होती.

लेक हेल्मेट घालून दारात उभी होती, स्कूटीची किल्ली हातात. आमच्या दोघींच्या या वेडाला तिने वर्षभर नावं ठेवली होती. शिफ्टला उशीर होत होता. मी म्हटलं, "जा तू, मी कळवते."

ती गेली नाही. हेल्मेट काढून पायरीवर बसली.

"पाँच मिनट देख लेते हैं," ती म्हणाली.