गच्चीवरचा दुसरा बिराप्पा

आटपाडीकडचा बिराप्पा माणूस वाईट नव्हता हो, पण संशयी म्हणजे भलताच संशयी. चहावाल्यानं कप पुढं केला तरी हा आधी आत डोकावून बघणार. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. रानात लांडगा आणि चोर सांगून येत नाहीत, तेव्हा ही खोड अंगात मुरलेली. मेंढरं विकल्यावर तो शिराळ्याजवळच्या एका दूध संघात वॉचमन लागला. ओढ्यापल्याडचं पशुखाद्याचं गोदाम त्यानं अकरा वर्षं राखलं, एक पोतं इकडचं तिकडं होऊ दिलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली गोदामात कॉम्प्युटर आला. हापिसापर्यंत टाकलेली वायर ओढ्याच्या पुरात दोनदा वाहून गेली, म्हणून पुण्याच्या माणसांनी गोदामाच्या गच्चीवर बुटका खांब रोवून त्याला पांढरी चकती लावली. हापिसावर तशीच दुसरी, बरोबर समोरासमोर. आता वायरीशिवाय इकडचे आकडे तिकडं जाणार, असं ते सांगून गेले.

"वाऱ्यावर कवा आकडं जात्यात व्हय?" कॉम्प्युटरवर बसणाऱ्या आम्रपालीला बिराप्पा म्हणाला. "आगं पोरी, त्यो डोळा हाय. साहेब तिकडं बसून आपल्याला बगतोय."

"आवं मामा, त्यातनं काय दिसत न्हाई," ती हसली. हसली म्हणजे हीही सामील! बिराप्पाचा संशय दुप्पट झाला.

त्याची खरी पंचाईत वेगळीच होती. दुपारी भाकरी खाल्ली, की गच्चीवर टाकीच्या सावलीत त्याचा तासभर डोळा लागायचा. वय झालं होतं, काय करणार? साहेबानं बघितलं तर नोकरी गेलीच. मग त्यानं धनगरी तोड काढली. कळप सोडून पाण्याला जायचं झालं, की हे लोक काठी रोवून तिच्यावर घोंगडं टाकायचे, वर पटका गुंडाळायचे. लांबून वाटावं, राखणदार बसलाय. बिराप्पानं चकतीपुढं वीतभर अंतरावर दगडांच्या डब्यात पहार उभी केली, घोंगडं पांघरलं, डोक्याच्या जागी लोखंडी घमेलं बांधलं आणि त्यावर पटका चढवला.

"बग आता लेका, किती बगायचं ते," म्हणून गडी घोरायला लागला.

रोज त्याच वेळेला आम्रपालीचा कॉम्प्युटर अडकायला लागला, आकडे हापिसात पोचेनात. पुण्याचा माणूस सकाळी येऊन तपासून गेला, सगळं ठाकठीक. मॅनेजर नानासोंनी मग निकालच लावला, की पोरगी जेवणानंतर कामचुकारपणा करते, मुद्दाम बंद पाडते. आम्रपाली सहा महिन्यांच्या बोलीवरची. तिच्या घरात कुणी पगारी कामाला लागलेलं ही पहिलीच. तिला काढायचा कागद टाईप झाला.

दुपारी बिराप्पा अर्ध्या झोपेतून उठून खाली निघाला, तर ती गच्चीच्या जिन्यात बसून रडत होती. "मी हातबी लावत न्हाई, मामा, तरी मला काढायचा कागद झालाय. रोज दीड ते अडीच बंद पडतंय."

दीड ते अडीच तर घमेल्याचा पहारा! त्यानं तडक वर जाऊन सगळं उतरवलं. खाली कॉम्प्युटर सुरू झाला. गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण तो कागद? एकट्या पोरीला लांडग्यापुढं सोडल्यासारखं झालं असतं. त्याला स्वतःची लाज वाटली. ओढा ओलांडून तो थेट नानासोंच्या टेबलापुढं उभा राहिला आणि घमेल्यासकट सगळं सांगून मोकळा झाला.

नानासो आधी हसले, मग गंभीर झाले. "अहो, ती चकती फक्त आकडे पाठवते. तिला डोळे नाहीत."

"मग मी झोपतोय ह्ये तुमास्नी कवाच कळलं नसतं?"

"कसं कळणार?"

नानासोंनी आम्रपालीचा कागद टराटरा फाडला. बिराप्पाचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी दुसरा कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि वर बघत विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय?"

बिराप्पानं सांगितलं, सावकाश, बापाच्या नावासकट.