आब्लारा म्हणजे नेमकं कोण?

मुलगी लग्न करून स्पेनला गेली आणि साठी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो. नाशिक रोडच्या शाळेत आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवलेला मी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या स्पॅनिशच्या क्लासला जाऊ लागलो. विहीणबाईंशी त्यांच्या भाषेत बोलायचं होतं ना!

"तू बोलावंस असं मला वाटत होतं", "मी बोललो असतो तर" अशा वाक्यांसाठी स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं वेगळं रूप असतं. आब्लार म्हणजे बोलणं. 'ते बोलले' म्हणजे आब्लारोन. त्यातलं 'रोन' काढायचं आणि रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावायचं. आब्लारा, आब्लारास, आब्लारा... दोन दिवसांत पाठ!

"मी, तो आणि आदरार्थी आपण, तिघांनाही आब्लाराच," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "घोटाळा होईल असं वाटलं तर सर्वनाम घाला."

मी मान डोलावली. ऐकलं मात्र नाही.

बायको निफाडची. मेथी निवडता निवडता ती माझी घोकंपट्टी ऐकायची. शेवटी म्हणाली, "लय बोलता तुम्ही. विहीणबाईंसमोर तरी जरा कमी बोला."

रविवारी व्हिडिओ कॉल लागला, पलीकडे मुलगी आणि विहीणबाई. वातावरण हलकं करावं म्हणून मी बायकोचाच किस्सा सांगायचं ठरवलं. छाती फुगवून म्हणालो, "मी एस्पोसा केरीआ के आब्लारा मेनोस." म्हणजे, मी कमी बोलावं अशी माझ्या बायकोची इच्छा होती. (स्पॅनिशमधलं 'मी' म्हणजे 'माझी'.)

विहीणबाईंचा चेहरा पडला. एवढ्या बोलक्या बाई, कॅमेऱ्यापासून जरा मागे सरकल्या.

"बाबा!" मुलगी ओरडली. "आईची इच्छा होती की माझ्या सासूबाईंनी कमी बोलावं, असं म्हणालात तुम्ही!"

"मी माझ्याबद्दल बोललो गं!"

"मग त्यात 'यो' कुठंय? आपला मराठीतला 'मी' कुठंय?"

तीस वर्षं पोरांना "कर्ता शोधा" म्हणून छळलं आणि स्वतःच्या वाक्यात कर्ता घालायचा राहिला. मुलीने सगळं समजावून सांगितलं, तशा विहीणबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला मात्र खुर्चीत बसवेना.

बायकोने मेथीचे हात पदराला पुसले आणि फोन माझ्या हातातून घेतला. "त्यांना म्हणावं, तुम्ही जास्त बोलावं असं मला वाटत होतं. हे कसं म्हणायचं?"

मुलीने एकेक शब्द सांगितला. बायको सावकाश म्हणाली, "केरीआ के उस्तेद आब्लारा मास." 'उस्तेद' म्हणजे आपण. तिने तो शब्द नीट दाबून उच्चारला.

विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि जे बोलू लागल्या ते अर्धा तास! बायकोला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ती "सी, सी", म्हणजे हो, हो, करत राहिली.

आता रविवारचा फोन तिच्याकडेच असतो. मी बाजूला बसून मेथी निवडतो.