अळी खाल्लेल्या कोकरांची कातरणी

मे महिन्यातल्या एका मंगळवारी कळसाडी शिवारात कोकरं कातरली गेली. प्रयोगाच्या वेळापत्रकात ती कातरणी नव्हती.

आमची जीप सकाळी नवापूरहून निघाली होती. तिथल्या एका शेडमध्ये भाजीच्या कचऱ्यावर माशीच्या अळ्या वाढवतात आणि वाळवून त्यांचं पीठ करतात. सरकीच्या पेंडीऐवजी हे पीठ खाल्लं की कोकरांची राठ लोकर मऊ होईल, अशी प्रकल्पाची अपेक्षा आहे. या भागात लोकरीला गिऱ्हाईक नाही. कातरून ती बांधावर टाकतात. यापुढे ती मऊ असेल.

मागच्या पोत्यांतल्या पिठाला वास नसतो, असं प्रकल्पाच्या डॉक्टरांनी जीपच्या काचा खाली करताना सांगितलं. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडली आणि चाक पंक्चर झालं. तेवढ्यात कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा खाऊन घेतला. डॉक्टरांनी त्यातल्या प्रथिनांचीही माहिती दिली.

कळसाडीला ऊस तुटून गेलेल्या वावरात (शेतात) वाद चालू होता. मालक मगनभाई, गुजर शेतकरी, घरात अंडंही येऊ न देणारे. समोर बेलाबाई, ठेलारी (फिरते मेंढपाळ) कुटुंबातली. दर उन्हाळ्यात तिचा कळप इथे बसतो. शेताला लेंड्यांचं खत मिळतं, तिला धान्य आणि मेंढरांना विहिरीचं पाणी. पिठात काय असतं हे मगनभाईंना नुकतंच कळलं होतं. मागच्या फेरीत डॉक्टरांनीच अभिमानाने सांगितलं होतं.

"किडा खानारं पिल्लू मन्हा वावरमा बसू देवाव नही," मगनभाई म्हणाले.

ओळख सोपी होती. तिच्या कळपातल्या पीठ खाणाऱ्या कोकरांच्या पाठीवर प्रकल्पाने लाल पट्टा ओढला होता; तुलनेसाठी पेंड खाणारी कोकरं बिनपट्ट्याची होती. बाकीची मेंढरं चालतील, असं मगनभाईंनी उदारपणे जाहीर केलं. पिल्लं बाहेर ठेवली तर आया आत बसणार नाहीत, हे बेलाबाईने सांगून पाहिलं. कळप हलवला तर पुढचं पाणी थेट तापीवर होतं. डॉक्टरांनी अळीच्या पचनसंस्थेबद्दल बोलायला सुरुवात केली, तसे मगनभाई जेवायला घरी गेले. डॉक्टर फोनला रेंज शोधत दूरच्या बांधावर गेले.

बेलाबाई आणि तिच्या नवऱ्याने कातरी काढल्या. पट्ट्याची, बिनपट्ट्याची, सगळी कोकरं कातरून झाली. लाल लोकर चुलीत गेली. उरलेली एका ढिगात पडली.

मगनभाई परत आले. एकेक पाठ बघत कळपातून फिरले. "पट्टा कोठे ग्या?"

"उन्हाया शे, काका. पिल्लेस्ले गरम व्हस," बेलाबाई म्हणाली. "आते किडा खानारं कोनतं, तुम्हीच दखाडा."

मगनभाईंनी बांधावरून परतलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट केलं. त्यांचं मगनभाईंना पटलेलं हे पहिलंच वाक्य. पट्टा नाही म्हणजे किडा नाही, असा निर्णय देऊन मगनभाईंनी विहिरीवरची मोटर चालू केली. मेंढरं पाण्यावर गेली आणि अंधार पडायच्या आत वावरात बसली.

डॉक्टरांनी ढिगातून दोन पिशव्या भरल्या. एकीवर 'अळी' लिहिलं, दुसरीवर 'पेंड'. रात्री आम्ही नंदुरबारला परतलो. दुसऱ्या दिवशी दोन्ही पिशव्या प्रयोगशाळेकडे रवाना झाल्या.