वरच्या मजल्यावरची नॅशनल टीम

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये माझ्या फ्लॅटच्या बरोब्बर वर एक सोळा वर्षांची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. आमची ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती होती. मग पहिला लॉकडाऊन लागला. मैदानं बंद झाली, माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं आणि रोज संध्याकाळी सात वाजता माझ्या डोक्यावर चेंडू आपटायला लागला.

आठवड्याभराने ती जिन्यात भेटली. चार पायऱ्या वर थांबून म्हणाली, "सॉरी हं. माझं ट्रेनिंग असतं."

कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटाच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघात ती होती. आजी-आजोबा तिथले, ती स्वतः इथे जन्मलेली. अर्धा संघ बेटावर, अर्धा इकडे ब्रेडा, रॉटरडॅम असा विखुरलेला. आता सगळ्या जणी आपापल्या घरात फोन उभा करून एकाच वेळी सराव करायच्या. तिकडे तेव्हा भर दुपार असे. कोच फोनवर बघायची आणि उन्हाळ्यातल्या स्पर्धेला कोण जाणार, ते त्यावरूनच ठरवणार होती.

"मागच्या वेळी मी राखीव होते," ती म्हणाली. "या वेळी नाही राहणार."

त्याच आठवड्यात माझ्या मजल्याच्या टोकाला राहणारे गृहस्थ माझ्या दाराशी आले. निवृत्त, नीटनेटके. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायचे. घरमालक कंपनीकडे आवाजाची तक्रार करायची होती आणि त्यावर माझी सही हवी होती. खाली मी राहत असल्यामुळे माझ्या सहीशिवाय तक्रारीला वजन नव्हतं.

"त्या लोकांना शांत बसताच येत नाही," ते म्हणाले. "तू बघ. तू इथे राहतेस हे कुणाला कळतसुद्धा नाही."

ते माझं कौतुक करत होते. मी नेहमीसारखी हसले आणि विचार करून सांगते म्हणाले. दार लावल्यावर मात्र ते कौतुक खुपायला लागलं. शाळेत बाई हेच म्हणायच्या, सो क्वाएट, सो गुड. प्रगतिपुस्तकात दर वर्षी तेच. मी भाडं पूर्ण भरते, कचरा वेगळा करते, टॅक्स देते, आणि माझ्याबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट काय, तर मी इथे आहे हे कळत नाही.

आईला फोनवर सांगितलं.

"अगं, करून टाक ना सही. शेजाऱ्यांशी वाकडं कशाला?"

"आवाज मला येतो, आई. त्यांना नाही."

"तेच म्हणतेय मी! त्रास तुला होतो, आणि पुळका त्या पोरीचा. परक्या देशात आहेस. उद्या व्हिसाचं काही झालं म्हणजे?"

"चेंडूमुळे व्हिसा जात नाही."

"तुला काय माहीत, काय काय जातं ते," आई म्हणाली आणि भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सात वाजले आणि वर काहीच वाजलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. वर गेले, बेल वाजवली आणि चार पावलं मागे सरकून उभी राहिले. दार उघडलं तेव्हा तिच्या पायाशी पायमोज्यांचा एक गोळा होता, वरून चिकटपट्टी गुंडाळलेला.

"हे काय?"

"अख्खी बिल्डिंग सही करतेय म्हणाले, तुझ्या मजल्यावरचे ते टोकाचे. तुझीपण आहे म्हणे." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "कोच विचारते, चेंडू कुठाय. हा उसळतच नाही. यावर तिला काय दिसणार?"

"माझी सही नाही."

"म्हणजे तुला आवाज येत नाही?"

"येतो. खूप येतो. चेंडू काढ."

खाली जाता जाता, धीर सुटायच्या आत, मी टोकाच्या दाराची बेल वाजवली. सही करणार नाही म्हणून सांगितलं. माझा आवाज चिरकत होता. तो सावरायच्या भानगडीत मी पडले नाही.

"मला वाटलं होतं तू समजूतदार आहेस."

"तुम्ही तक्रार कराच," मी म्हटलं. "मीही लिहीन. खाली मी राहते आणि वर नॅशनल टीमचा सराव चालतो. सात ते आठ तो चालू राहू दे, असं लिहीन."

ते मोठ्याने हसले. "नॅशनल? त्या बेटावर आपल्या शेजारच्या आइंडहोवनएवढीसुद्धा माणसं नाहीत!"

"अकरा लागतात," मी म्हटलं. "तेवढ्या आहेत."

तक्रार गेली की नाही, मला कळलं नाही. चेंडू मात्र परत सुरू झाला.

मे महिन्यात स्पर्धाच रद्द झाली. काका जिन्यात भेटले. "वाईट झालं," म्हणाले, आणि ते मनापासून बोलत होते. मग म्हणाले, "चला, आता तरी शांतता."

आता सराव थांबणार, असं मलाही वाटलं होतं. मी तिची समजूत घालायला वर गेले. तिचे डोळे सुजलेले होते, हातात फ्राइजची ताटली होती.

"आता काय?" मी विचारलं.

"उद्या सातला," ती म्हणाली. "स्पर्धा रद्द झालीय, टीम नाही झालेली."

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर कॉलवर होते. डोक्यावर धप्प झालं, मग आणखी एक. तिकडून कुणीतरी विचारलं, घराचं काम काढलंयस का? अशा वेळी मी माइक बंद करून चॅटमध्ये सॉरी लिहीत असे. या वेळी माइक चालू ठेवला.

"नॅशनल टीमची प्रॅक्टिस चालू आहे," मी म्हटलं.

"कुठल्या देशाची?"

मी बेटाचं नाव सांगितलं. कुणालाच कळलं नाही. मग पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.