अक्काने आणलेले नऊ दगड

रविवारी पापनाशमला अक्काकडे गेले होते... आज बुधवार, अजून धक्क्यातून बाहेर आलेले नाही.

अक्का माझी थोरली बहीण. घरामागच्या शेडमध्ये पांढरा दगड दळून ती कोलमची, म्हणजे आपल्या रांगोळीची, पूड विकते. मी तंजावूरला शाळेत सायन्स शिकवते.

गेली दोन वर्षं माझ्याकडे येताना ती अधूनमधून एखादा स्फटिक आणते. काचेसारखा, सहा बाजूंचा, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखा... असे नऊ मी वर्गातल्या कपाटात मांडलेत. आठवीच्या मुलांना ऐटीत सांगते, आकार बघा आणि खनिज ओळखा. सहा बाजू आणि वर टोक, म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी.

तिच्या शेडमध्ये मात्र मी कधी पाऊल टाकलं नाही. धुळीने मला शिंका येतात ना!

रविवारी अक्का दळता दळता खोकत होती. खोकला थांबेचना, म्हणून पाणी घेऊन आत गेले. कोपऱ्यात उघडी पोती... आणि दगडादगडाच्या खाचांत तीच सहा बाजूंची टोकं. सगळा मालच क्वार्ट्झचा!

रांगोळीचा दगड मऊ असतो. फोडला की तिरक्या डब्यांसारखे तुकडे पडतात, लिंबू पिळलं की फसफसतो. घाईने लिंबू पिळलं... काही नाही. तुकडा बाटलीवर ओढला, तर काचेवर ओरखडा. या दगडाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, हेही मीच शिकवते हो!

"अय्यो, जुना माणूस दगड देईना झाला. हा जास्त पांढरा आहे," अक्का म्हणाली. "चक्की लौकर झिजते, तेवढंच."

मी मशीन बंद केलं तशी भडकलीच. "तूच मुलांना दाखवतेस की गे! वाईट असता तर कपाटात ठेवला असतास का?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिथेच चक्कीपाशी बसून रडले.

सोमवारी तिचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं खराब व्हायला सुरुवात झालेली आहे, झालं ते पुसता येणार नाही. पण धूळ आजपासून बंद केली तर पुढचं बरंच वाचेल. अक्का सध्या माझ्याकडे आहे, गाल फुगवून. मऊ दगड मिळाला तरी आता ती दळणार नाही, दुसऱ्याची पूड आणून विकेल, एवढं कसंबसं कबूल करून घेतलंय.

आज शाळेत कपाट उघडलं. प्रत्येक दगडाखाली माझ्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी. नाव, आकार, रंग... आणि शेवटची ओळ, 'कुठून आला?'

नऊच्या नऊ चिठ्ठ्यांवर मीच लिहिलंय, 'अक्काकडून'.

दहावा यायच्या आत त्या शेडमध्ये गेले, एवढ्यासाठी देवाचे आभार.