आधी ऑसिलेटर मोजा

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि तोही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला अडकलेला. हे लिहिणं आगाऊपणाचं वाटलं तर माफ करावं. पण माझ्याऐवजी हे कोणी लिहिणार नाही.

भंडाऱ्याच्या कॉलेजातली प्रयोगशाळा. वार्षिक प्रॅक्टिकल. समोर मी दिवाळीच्या सुट्टीत जोडलेला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर. त्याचं हार्मोनिक डिस्टॉर्शन, म्हणजे तो सुरात किती बिघाड करतो ते, मोजायचं होतं. ऑसिलेटरमधून एक शुद्ध सूर आत सोडायचा. बाहेर आल्यावर मीटर तो सूर गाळून टाकतो. मागे जो कचरा उरतो, तो अ‍ॅम्प्लिफायरचा दोष.

माझ्या मीटरचा काटा सरकन वर गेला.

सर वर्गाकडे वळून म्हणाले, "याच्या वस्तीत लग्नात फुटके भोंगे वाजते. साफ आवाज कधी कानावर पडला असंल तर बनवंल ना!"

माझं आडनाव ऐकून त्यांना माझी वस्ती कळली होती. सगळे हसले. शेजारचाही हसला. बाकीच्यांनी मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमधून आकडे उतरवले होते. मला जर्नल देणारं कोणी नव्हतं. म्हणून मी खरंच मोजलं होतं.

मी हळूच म्हणालो, "सर, आधी नुसता ऑसिलेटर मोजू का? त्याचाच सूर खराब असंल तर?"

"हात नाही लावायचा त्याले. कॉलेजचा आहे तो, तुह्या बापाचा नाही. निष्कर्षात लिही, जोडणी सदोष. अन् सही कर."

पेन हातात होतं. सही केली असती तर पास झालो असतो.

"जे मोजलं नाही, ते मी लिहिणार नाही."

एवढंच बोललो. नापास झालो.

दिघोरीला घरी गेलो. बा धानाच्या बांधीतून आला, पाय धुतले, म्हणाला, "कायले भांडला बापा? लिहून द्याचं होतं. साल गेलं ना."

त्याला काय सांगू? डिस्टॉर्शन हा शब्दच आमच्या घरात नव्हता. कॉलेजातली मुलं बोलेनात. गावातल्यांना मी काय बोलतो ते कळेना. तळ्याच्या पाळीवर जाऊन बसायचो. अ‍ॅम्प्लिफायर पेटीत कपड्यांखाली ठेवला होता.

परवा लाखांदूरच्या बसस्टँडवर कॉलेजातला एक जण भेटला. म्हणाला, "आयकलं का? तो ऑसिलेटरच खराब निघाला. नागपूरले दुरुस्तीले धाडला. आता सर नव्या पोरायले सांगून राहिले, आधी ऑसिलेटर मोजा, मंगच अ‍ॅम्प्लिफायर लावा."

"माझं काही म्हणाले?"

"नाही गा."

माझा निकाल आहे तोच आहे. येत्या परीक्षेला मी त्याच टेबलापाशी उभा राहणार, हाच अ‍ॅम्प्लिफायर घेऊन. ऑसिलेटर आधी मोजणार. या वेळी विचारणार नाही.