ओटीतलं पिल्लू

भालकीत आमच्या गल्लीतली पोरगी सासरी निघाली की महानंदाअक्का तिच्या ओटीत नारळासोबत आपल्या पर्शियन मांजरीचं पिल्लू घालत.

पुढं ती मांजरी सारखं पाणी पिऊ लागली. बीदरच्या डॉक्टरांनी तिच्या गालातून कापसाची काडी फिरवून नमुना तपासायला पाठवला. मूत्रपिंडं नासवणारा, पिल्लांत उतरणारा आजार निघाला. मांजरी वाचली नाही.

“पोरींना सांगा की, त्या तपासून घेतील,” मी चिडून म्हणाले.

“ओटीत घातलेल्याला वाईट बोललं तर पोरीच्या कुशीला लागतंय,” अक्का म्हणाल्या.

पोरींचा फोन आला की अक्का एवढंच विचारत, “मांजर पाणी किती पितंय?”

काल उदगीरला दिलेल्या दानेश्वरीनं फोन केला. अक्कांनी विचारायच्या आधीच ती हसून म्हणाली, “अक्का, तुमचं पिल्लू आता वाटीवर वाटी पाणी संपवायलंय.”